ट्रकच्या धुरातून ताकद काढणारा माणूस : टर्बोचा शोध लावणाऱ्या आल्फ्रेड ब्यूखीची गोष्ट

मुंबई-गोवा हायवेने माणगाव, लोणेरे मागे टाकून महाडकडे निघालात की वीर लागतं. इथं रस्त्याच्या कडेला पाच मिनिटं उभे राहिलात तरी एक आवाज हमखास कानावर पडतो. भरलेला ट्रक वेग घ्यायला लागतो तेव्हा इंजिनच्या घरघरीतून एक बारीक शिट्टी वर चढत जाते. ही शिट्टी असते टर्बोची.

इथून पुढं महाड, मग पोलादपूर आणि मग घाट. कशेडीला बोगदे झाल्यापासून ड्रायव्हर लोकांचा जीव बराच सुटला, पण आंबेनळीने महाबळेश्वरकडे चढायचं म्हटलं की गाडीचा दम आजही निघतोच. मग गाडी चढत नाही, पिकअप नाही, अशी तक्रार घेऊन ट्रक गॅरेजला जातो आणि बूस्ट थोडा वाढवून द्यायची मागणी होते.

दिसायला काम सोपं आहे. टर्बोला चिकटून एक छोटी डबी असते, तिच्यातून एक रॉड बाहेर येतो. त्या रॉडचे दोन-चार आटे फिरवले की हवेचं प्रेशर वाढतं. पाच-दहा मिनिटांत काम संपतं.

पण हे वाढलेलं प्रेशर इंजिनला पचवता यावं म्हणून एका माणसाने आयुष्यातली वीस वर्षं घातली होती. त्याचं नाव आल्फ्रेड ब्यूखी.

तर गोष्ट सुरू होते स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूर या कारखान्यांच्या गावात. ११ जुलै १८७९ ला ब्यूखीचा जन्म झाला. वडील गावातल्याच सुल्झर या बड्या इंजिन कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते, त्यामुळे घरात यंत्रांचा विषय रोजचाच. योगायोग असा की, त्याच वर्षी एक तरुण जर्मन इंजिनिअर हाताने काम शिकायला याच सुल्झरच्या कारखान्यात आला होता. त्याचं नाव रुडॉल्फ डिझेल. पुढं ज्याच्या नावाने इंजिन आणि इंधन दोन्ही ओळखलं गेलं, तोच हा डिझेल.

ब्यूखीने झुरिचच्या प्रसिद्ध तंत्रविद्यापीठात शिक्षण घेतलं आणि १९०३ मध्ये तो इंजिनिअर झाला. त्यानंतर बेल्जियम आणि इंग्लंडमध्ये नोकरी केली. या काळात एक गोष्ट त्याच्या डोक्यात बसली. इंजिनमध्ये जळणाऱ्या इंधनातली बरीचशी उष्णता कामालाच येत नाही. मोठा वाटा गरम धुराबरोबर थेट बाहेर जातो. म्हणजे आपण पैसे मोजून इंधन घ्यायचं आणि त्यातला मोठा हिस्सा आकाशात सोडून द्यायचा.

ब्यूखीने विचार केला की हा धूर जोरात बाहेर पडतोच आहे, तर त्याच्या वाटेत एक पंखा ठेवू. धुराने तो फिरेल. त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला दुसरा पंखा बसवू, तो बाहेरची हवा दाबून इंजिनमध्ये भरेल.

आता तुम्ही म्हणाल, हवा दाबून काय होतं? तर साधा हिशोब बघा. एक लिटर डिझेल पूर्ण जळायला साधारण दहा हजार लिटर हवा लागते. म्हणजे इंजिनची ताकद डिझेलवर जेवढी अवलंबून, तेवढीच हवेवर. सिलिंडरचा आकार तोच ठेवून त्यात जास्त हवा कोंबली तर जास्त डिझेल नीट जाळता येतं. इंजिन मोठं न करता ताकद वाढते.

१६ नोव्हेंबर १९०५ ला ब्यूखीच्या नावावर या कल्पनेचं जर्मन पेटंट नोंदवलं गेलं. तेव्हा त्याचं वय होतं फक्त २६.

सिनेमा असता तर इथंच संपला असता. पण खरी कटकट इथून सुरू झाली.

१९०९ मध्ये तो सुल्झरमध्ये परत आला आणि १९११ पासून तिथं टर्बोचे प्रयोग सुरू झाले. कागदावर चोख बसणारी कल्पना लोखंडात उतरेना. हवा दाबली की ती तापते. तापलेली हवा पसरते, म्हणजे कोंबून जे कमावलं त्यातलं निम्मं तिथंच गेलं. वर इंजिनच्या आतली उष्णता वाढते. व्हॉल्व्ह आणि पिस्टनवर ताण येतो. धुराच्या आचेत न थांबता फिरणारा पंखा टिकवायचा तर तसा धातू हवा, तसं बेअरिंग हवं. त्या काळात दोन्हींची बोंब होती.

१९१५ मध्ये त्याने टर्बो लावलेल्या डिझेल इंजिनचा नमुना उभा केला. हेतू होता विमानांचा, कारण उंचावर हवा विरळ होते आणि इंजिनचा दम जातो. पण हा नमुना भरवशाचा ठरला नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात फ्रान्समध्ये ऑग्युस्त रातो आणि अमेरिकेत सॅनफर्ड मॉस हे विमानांसाठी याच वाटेवर होते. मॉसने तर १९१८ मध्ये १४ हजार फुटांवर पाइक्स पीक या डोंगरावर इंजिन नेऊन चाचणी घेतली. ब्यूखीची कल्पना जगभर धावायला लागली होती, पण त्याचं स्वतःचं डिझेल इंजिन मात्र अडकलेलंच होतं.

अशा वेळी माणूस काय करतो? एकतर नाद सोडतो, नाहीतर प्रेशर अजून वाढवून बघतो. ब्यूखीने दोन्ही केलं नाही. फक्त हवा कोंबून भागणार नाही, आतली उष्णताही बाहेर काढावी लागेल, या दिशेने त्याने काम सुरू ठेवलं.

यातून दोन गोष्टी पुढं आल्या. पहिली म्हणजे, धूर बाहेर जाणारा व्हॉल्व्ह बंद व्हायच्या आधीच हवेचा व्हॉल्व्ह उघडायचा. थोडा वेळ दोन्ही उघडे. टर्बोने दाबलेली ताजी हवा आत घुसते, उरलेला गरम धूर झाडून काढते आणि जाता जाता व्हॉल्व्ह, पिस्टन यांनाही थंड करते. दुसरी म्हणजे, सगळ्या सिलिंडरचा धूर एकाच पाइपात कोंबायचा नाही. एकाचा झटका दुसऱ्याच्या आड येणार नाही असे गट करून वेगवेगळे पाइप टर्बोपर्यंत न्यायचे. आजही बऱ्याच सहा सिलिंडरच्या ट्रकमध्ये पुढच्या तीन आणि मागच्या तीन सिलिंडरचा धूर वेगळ्या वाटेने टर्बोत जातो. हे डोकं ब्यूखीचं. त्याचं १९२५ चं पेटंट याच पद्धतीचं आहे.

आणि मग गाडी मार्गी लागली. जर्मन वाहतूक मंत्रालयाने 'प्रॉयसन' आणि 'हान्झेश्टाट डान्झिग' या दोन प्रवासी जहाजांसाठी ही पद्धत वापरायचं ठरवलं. १० सिलिंडरचं डिझेल इंजिन, मूळ ताकद १,७५० हॉर्सपॉवर. ब्यूखीच्या पद्धतीचा टर्बो लागल्यावर ती गेली २,५०० वर. पेटंटनंतर तब्बल वीस वर्षांनी यश हाताला लागलं होतं. १९२६ मध्ये ब्राऊन बोव्हेरी आणि विंटरथूरची रेल्वे इंजिन बनवणारी कंपनी यांच्या साथीने त्याने टर्बोसाठी स्वतंत्र संघ उभा केला.

ट्रकपर्यंत पोहोचायला आणखी एक तप लागलं. १९३८ मध्ये स्वित्झर्लंडच्याच साउरर कंपनीने ट्रकसाठी टर्बो डिझेल इंजिन आणलं. त्याच वर्षी झुरिचच्या विद्यापीठाने ब्यूखीला मानद डॉक्टरेट दिली. २७ ऑक्टोबर १९५९ ला तो गेला, तेव्हा जहाजं आणि रेल्वे इंजिनं त्याच्या कल्पनेवर धावत होती.

याचा आपल्या वीरशी काय संबंध? तर कोकण रेल्वेचा रोहा-वीर हा टप्पा १९९३ मध्ये सुरू झाला आणि तेव्हा गाड्या ओढायला होती डिझेल इंजिनं. यातलं आपल्याकडचं सगळ्यात ओळखीचं इंजिन म्हणजे डब्ल्यूडीएम-२, १६ सिलिंडर, २,६०० हॉर्सपॉवर आणि अर्थात टर्बोवालं. १९९९ मध्ये कोलाड ते गोव्यातल्या वेर्णापर्यंत रो-रो सेवा आली, म्हणजे भरलेले ट्रकच रेल्वेवर चढवून न्यायचे. टर्बोवाले ट्रक पाठीवर घेऊन टर्बोवालं इंजिन वीर स्टेशनातून पुढं जायचं. २०२२ मध्ये कोकण रेल्वेचं विद्युतीकरण पूर्ण झालं आणि ती शिट्टी आता मुख्यतः हायवेवर उरली.

आता परत त्या रॉडकडे येऊ.

डबीच्या आत एक पडदा आणि स्प्रिंग असते. बूस्ट ठरलेल्या आकड्यावर गेला की पडदा रॉडला ढकलतो, एक झडप उघडते आणि थोडा धूर टर्बोच्या पंख्याला वळसा घालून निघून जातो. पंखा आणखी वेग घेत नाही. रॉड आखूड केला की ही झडप उशिरा उघडते आणि प्रेशर वाढतं. म्हणजे आपण जे फिरवतो ते टर्बोचं सेफ्टीचं काम आहे.

ट्रकच्या टर्बोचा दांडा मिनिटाला एक लाख फेऱ्यांच्या आसपास जाऊ शकतो. मर्यादेबाहेर पळवला तर बेअरिंग जातं, पंखा तुटतो आणि तुकडे इंजिनच्या वाटेला गेले की खर्च लाखात जाऊ शकतो. हेड गॅस्केट उडायची भीती वेगळीच. शिवाय नुसती हवा वाढवून ताकद वाढत नाही, डिझेलही त्या प्रमाणात लागतं. आणि डिझेल वाढवलं की उष्णता वाढते. ब्यूखी ज्या चक्रात वर्षानुवर्षं अडकला होता, तेच हे चक्र.

गंमत म्हणजे, पिकअप नसलेल्या आणि काळा धूर टाकणाऱ्या गाडीत अनेकदा दोष रॉडचा नसतोच. एअर फिल्टर चोंदलेला असतो, किंवा इंटरकूलरच्या होजची क्लॅम्प ढिली होऊन दाबलेली हवा वाटेतच गळत असते. म्हणून आधी फिल्टर, होज आणि टर्बोची ऑइल लाइन बघायची. मग गेज लावून, गाडीवर लोड असताना बूस्ट मोजायचा आणि कंपनीने दिलेल्या आकड्याशी ताडून बघायचा. आकडा कमी असेल आणि गळती कुठंच नसेल, तरच रॉडला हात. नव्या बीएस-६ गाड्यांत तर बूस्ट कॉम्प्युटर सांभाळतो, तिथं पाना चालवला तर वॉरंटी आणि धुराची मर्यादा दोन्ही हातची जातात.

पुढच्या वेळी घाटात ती शिट्टी ऐकलीत तर ब्यूखी आठवा. प्रेशर कसं वाढवायचं हे त्याला २६ व्या वर्षीच कळलं होतं. ते इंजिनला सोसवायचं कसं, हे कळायला त्याला पुढची वीस वर्षं लागली.