माधोदासाचा बंदा : कुलसूडाचे एक चरित्र

सूड घेणारा मृताच्या रक्ताचा असावा, हा ग्रीक शोकात्मिकेतील कुलसूडाचा पहिला संकेत होय. अ‍ॅगमेम्नॉनच्या वधाचा भार ऑरेस्टेसकडे येतो तो पुत्र म्हणून. युरिपिडीसची हेक्युबा पॉलिमेस्टरचे डोळे काढते ती माता म्हणून. नांदेडला गोदावरीच्या काठी १७०८ मध्ये ज्याच्या हाती एका कुळाचा सूड आला, तो माणूस मात्र त्या कुळाचा कोणीही नव्हता. एवढेच नव्हे, तर स्वतःचे कुळही सोडून आलेला तो वैरागी होता. बंदासिंह बहादुर या नावाने इतिहासाला ज्ञात असलेल्या या पुरुषाचे चरित्र इस्किलसच्या ‘ऑरेस्टेइया’शेजारी ठेवले असता दोहोंमधील साम्य तर जाणवतेच, पण त्याहून महत्त्वाचा असा एक विरोधही लक्षात येतो.

परंपरेनुसार त्याचा जन्म १६७० मध्ये जम्मूकडील राजौरी येथे एका राजपूत कुटुंबात झाला. मूळ नाव लछमनदेव. तरुणपणी शिकारीत त्याच्या हातून एक हरिणी मारली गेली. ती गाभण निघाली आणि पोटातील पाडसे त्याच्या डोळ्यांदेखत तडफडून मेली. त्या धक्क्याने त्याने शस्त्र टाकले व घर सोडले, अशी आख्यायिका आहे. तिचे ऐतिहासिक मूल्य काहीही असो, ‘अ‍ॅगमेम्नॉन’ वाचलेल्याला येथे क्षणभर थांबावे लागते. त्या नाटकाच्या आरंभीच्या वृंदगीतात दोन गरुड एका गाभण सशिणीला फाडून खातात, त्या अपशकुनाने आर्टेमिस देवी कोपते आणि इफिजिनियाच्या बळीपर्यंत कथा येऊन ठेपते. तेथे जन्माला न आलेल्या पिलांच्या मृत्यूपासून हिंसेची साखळी सुरू होते. लछमनदेवाच्या आयुष्यात तशाच मृत्यूने ती तुटली, निदान तुटली असे वाटले. जानकीप्रसाद नावाच्या वैराग्याकडून दीक्षा घेऊन तो भटकत नाशिकच्या पंचवटीत आला, औघडनाथ नामक योग्याजवळ राहिला आणि माधोदास या नावाने नांदेडला मठ करून स्थिरावला.

याच काळात पंजाबात दुसऱ्याच एका घरावर मृत्यू कोसळत होते. गुरू तेगबहादुर यांचा १६७५ मध्ये दिल्लीत शिरच्छेद झाला. त्यांचे पुत्र गुरू गोविंदसिंह यांनी आनंदपूर सोडल्यानंतर १७०४ च्या डिसेंबरात (काही गणनांनुसार १७०५ मध्ये) त्यांचे दोन थोरले पुत्र, अजितसिंह व जुझारसिंह, चमकौरच्या लढाईत पडले. जोरावरसिंह व फतेहसिंह हे दोघे धाकटे, दहा वर्षांच्याही आतले. त्यांना सरहिंदचा फौजदार वजीरखान याने ठार करविले. आजी माता गुजरी यांचाही तेथेच अंत झाला. पिता व चारही पुत्र गमावलेला पुरुष म्हणजे शोकात्मिकेच्या भाषेत सूडाचा मूर्तिमंत अधिकारीच.

परंतु गुरूंनी आधी दाद मागितली. औरंगजेबाला फारसीत ‘जफरनामा’ लिहून त्यांनी अधिकाऱ्यांच्या शपथभंगाचा जाब विचारला. १७०७ मध्ये औरंगजेब मरण पावल्यावर त्यांनी बहादुरशहाला वारसायुद्धात साह्य केले, आग्र्याला त्याची भेट घेतली आणि तो कामबक्षावर चालून निघाला तेव्हा त्याच्या छावणीबरोबर ते दक्षिणेत आले. वजीरखानाचा न्याय व्हावा ही अपेक्षा या प्रवासामागे होती, असे मानण्यास जागा आहे. बादशहा तो विषय पुढे ढकलत राहिला. ‘ऑरेस्टेइया’त सूड प्रथम येतो आणि न्यायालय शेवटी. अथीना अ‍ॅरिओपॅगसवर न्यायसभा बसवते, मते समसमान पडतात, ऑरेस्टेस सुटतो आणि सूडदेवता नगराच्या रक्षक बनतात. नांदेडच्या कथेत हा क्रम उलटा आहे. दरबाराचे दार आधी ठोठावले गेले. ते उघडले नाही म्हणून सूड आला.

१७०८ च्या सप्टेंबरात गुरू माधोदासाच्या मठात गेले. मठाधिपतीच्या आसनावर ते बसले, माधोदासाच्या मंत्रसिद्धी त्यांच्यापुढे चालल्या नाहीत आणि अखेर तो त्यांचा बंदा, म्हणजे दास, म्हणवू लागला, असे चरित्रकार सांगतात. नावातच नाते आहे. पुत्र नाही, भाऊ नाही, दास. लवकरच एका पठाणाने गुरूंवर वार केला. हा मारेकरी वजीरखानाने पाठविला होता, असे शीख परंपरा मानते. ७ ऑक्टोबर १७०८ रोजी गुरूंनी नांदेडला देह ठेवला. बंदाची नेमणूक हल्ल्याआधीची की नंतरची, याविषयी साधनांत एकवाक्यता नाही. पाच बाण, निशाण, नगारा आणि पाच साथीदार घेऊन तो उत्तरेकडे निघाला, एवढे सर्वत्र येते. शस्त्र टाकलेल्या हाताने ते पुन्हा उचलले होते.

पंजाबात शेतकरी व कारागीर वर्गातले लोक झपाट्याने त्याच्याभोवती जमले. २६ नोव्हेंबर १७०९ रोजी त्याने समाना घेतले. गुरू तेगबहादुरांवर व सरहिंदच्या दोन मुलांवर शस्त्र चालविणारे जल्लाद याच गावचे होते. मग सढौरा, आणि १२ मे १७१० रोजी छप्पर चिडीच्या मैदानात वजीरखान मारला गेला. दोन दिवसांनी सरहिंद पडले. या मोहिमेत निरपराधही भरडले गेले, हे झाकण्याचे कारण नाही. तथापि सूडालाही स्मरण असते, हे मालेरकोटल्यावरून दिसते. तेथील नबाब शेर महंमदखान छप्पर चिडीला वजीरखानाच्याच बाजूने लढताना पडला. पण धाकट्या मुलांच्या वधाला त्याने विरोध केला होता, म्हणून त्याचे गाव राखले गेले, असे परंपरा सांगते.

ऑरेस्टेस सूडानंतर पळत सुटतो. बंदाने राज्य मांडले, आणि चरित्राचा हा भाग रणवर्णनांच्या गर्दीत उगाच मागे पडतो. मुखलिसपूरजवळच्या लोहगडावरून त्याने नाणे पाडले, मुद्रा चालविली. त्यांवरील फारसी मजकुरात गुरू नानक व गुरू गोविंदसिंह यांची नावे आहेत, त्याचे स्वतःचे नाही. जमीनदारी मोडून जमीन कसणाऱ्याच्या ताब्यात दिली. १७११ मधील मोगल अखबारांत त्याच्या सैन्यात पाच हजार मुसलमान भरती झाल्याची वार्ता आहे. केवळ धर्मवैराची कथा म्हणून हे चरित्र वाचणाऱ्यांनी ती नजरेआड करू नये. अथीनेने जे न्यायसभेतून साधले, ते नगराच्या व्यवस्थेतून साधण्याचा हा प्रयत्न होता. त्याला अवकाश मिळाला तो काही महिन्यांचा. बहादुरशहा स्वतः चालून आला आणि १७१० च्या अखेरीस लोहगड पडला. बंदा निसटला, डोंगरांत राहिला. चंब्याच्या राजघराण्यातील मुलीशी त्याचा विवाह झाला, अजयसिंह नावाचा मुलगा झाला. वैराग्याला घर मिळाले.

फर्रुखसियरच्या कारकिर्दीत गुरदास नंगलचा वेढा आठ महिने चालला. दाणा संपला, लोक झाडपाला व जनावरांची हाडे खाऊ लागले. ७ डिसेंबर १७१५ रोजी बंदा पकडला गेला. सातशेहून अधिक कैद्यांसह त्याची दिल्लीतून धिंड निघाली आणि मार्च १७१६ मध्ये रोज सुमारे शंभर माणसांचा वध होऊ लागला. त्या वेळी दिल्लीत असलेल्या इंग्रज वकिलातीच्या १० मार्चच्या पत्रात याची नोंद असून, धर्म सोडून जीव वाचविलेला एकही कैदी आढळला नसल्याचे तीत म्हटले आहे.

अ‍ॅट्रिअसने थायेस्टीसला त्याच्याच मुलांचे मांस वाढले, आणि त्या घराण्यावरील शाप तेथून खाली उतरला. नाटकात हे रंगमंचावर दिसत नाही. कॅसँड्राला ते दिसते, एजिस्थस ते बोलून दाखवतो. ९ जून १७१६ रोजी मेहरौलीत, कुतुबुद्दीन बख्तियार काकी यांच्या दर्ग्याजवळ, सुमारे चार वर्षांच्या अजयसिंहाला बापाच्या मांडीवर बसवून मारण्यात आले आणि त्याचे काळीज बापाच्या तोंडात कोंबण्यात आले, असे वृत्तांत सांगतात. त्यानंतर बंदाचे डोळे काढले, हातपाय तोडले. सरहिंदच्या दोन मुलांचा तो कोणी नव्हता. त्या मुलांच्या सूडाची परतफेड मात्र त्याच्या रक्ताच्या मुलाकडून घेतली गेली.

नांदेडला गोदावरीकाठी, जेथे माधोदासाचा मठ होता असे मानतात, तेथील गुरुद्वारा बंदाघाट या नावाने ओळखला जातो.