पंडिता रमाबाई : ग्रंथवाचन आणि जीवनकार्य

पंडिता रमाबाई यांच्या चरित्राची मांडणी मराठीत बहुधा दोन निरनिराळ्या दालनांत झालेली आढळते. एका दालनात शारदा सदनाच्या संस्थापिका, विधवांच्या कैवारी, स्त्रीसुधारणेच्या अध्वर्यू अशा रमाबाई आहेत. दुसऱ्या दालनात केडगावच्या ख्रिस्तसेविका रमाबाई आहेत. पहिल्या दालनातील लेखकांना त्यांचे धर्मांतर अवघड वाटते, तर दुसऱ्या दालनातील लेखक त्यांच्या संस्कृत पांडित्याकडे केवळ पूर्वपीठिका म्हणून पाहतात. त्यांनी मूळ भाषांवरून केलेल्या मराठी बायबलाचा उल्लेख मात्र दोन्हीकडे ओझरताच होतो. वस्तुतः या चरित्राचे सूत्र त्या भाषांतरापासून मागे वाचीत गेल्यास अधिक स्पष्ट होते. रमाबाई प्रथमपासून अखेरपर्यंत ग्रंथाच्या वाचक होत्या. आणि ग्रंथ कोणासाठी उघडा आहे व तो कोणत्या भाषेत बोलतो, हा प्रश्न त्यांना जन्मतःच मिळालेला होता.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळ येथील अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन, वैष्णव, मोठे व्यासंगी. त्यांचे गुरू दुसऱ्या बाजीरावाच्या पत्नीस संस्कृत शिकवीत असत. ते पाहिल्यापासून आपल्या घरच्या स्त्रीनेही संस्कृत शिकावे हे अनंतशास्त्र्यांच्या मनाने घेतले. पत्नी लक्ष्मीबाई यांस त्यांनी संस्कृत शिकविले, त्यापायी स्वजनांचा रोष ओढवून घेतला, आणि उडुपीच्या विद्वत्सभेपुढे शास्त्राधार दाखवून आपल्या वर्तनाचे समर्थनही केले. रमाबाईंचे अध्यापन मुख्यतः आईकडून झाले. बाराव्या वर्षाच्या सुमारास भागवताचे अठरा हजार श्लोक त्यांना मुखोद्गत होते. येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. अनंतशास्त्र्यांची सुधारणा वेदाच्या उंबरठ्याशी थांबली होती. पुराणे, काव्य, व्याकरण स्त्रीने शिकावे. वेदाचा अधिकार मात्र तिला नाही, ही मर्यादा त्यांनीही पाळली. मुलीला त्यांनी जे दिले ते अपूर्व होते, आणि जे दिले नाही तेही तिच्या लक्षात राहिले.

हे कुटुंब तीर्थयात्रा करीत, देवळांत व घाटांवर पुराणे वाचीत, श्रोत्यांच्या दक्षिणेवर उदरनिर्वाह करीत असे. पुराण संस्कृतात वाचले जाई. देशभाषेत त्याचा अर्थ सांगण्याचा परिपाठ या कुटुंबात नव्हता, कारण पवित्र शब्द कानावर पडणे हेच पुण्यप्रद मानले जाई. हा तपशील रमाबाईंनी पुढे १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या आत्मकथनात आवर्जून नोंदविला आहे. १८७४ नंतरच्या दुष्काळी वर्षांत मद्रास इलाख्यात वडील, आई आणि थोरली बहीण एकामागून एक गेली. उरलेली दोन भावंडे, श्रीनिवास आणि रमा, पायी हिंडत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांना पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या.

कलकत्त्यात त्यांच्या हाती तीन प्रकारचे ग्रंथ आले, आणि त्यांचा क्रम मोठा उद्बोधक आहे. स्त्रियांना त्यांचा धर्म समजावून सांगण्याची विनंती झाल्यामुळे त्यांनी धर्मशास्त्राचे ग्रंथ बारकाईने वाचले. अनेक बाबतींत या ग्रंथांचे परस्परांशी जुळत नाही. परंतु स्त्री स्वभावतःच दोषयुक्त आहे, आणि स्त्रीशूद्रांना स्वतंत्रपणे मोक्षाचा मार्ग नाही, एवढ्यावर मात्र त्यांचे एकमत आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. या निष्कर्षाच्या व्याप्तीविषयी मतभेद होऊ शकेल. भागवत ज्याने कंठस्थ केले त्याला भक्तिमार्गातील अपवाद ठाऊक नव्हते असे नाही. पण आयुष्यभर ज्या ग्रंथांच्या वाचनावर पोट भरले त्यांतच आपल्याला जागा नाही, हे ज्ञान पुस्तकी उरत नाही. याच काळात केशवचंद्र सेन यांनी वेदाची प्रत त्यांना भेट दिली आणि ती वाचण्यास उत्तेजन दिले. वडिलांनी न ओलांडलेला उंबरठा मुलीने ओलांडला. तिसरा ग्रंथ म्हणजे कलकत्त्याच्या ख्रिस्ती मंडळींनी दिलेले संस्कृत बायबल. आपण शिकलो त्या वाङ्मयापेक्षा त्याची भाषा इतकी वेगळी वाटली की, ते वाचणे म्हणजे कालापव्यय असे भावंडांना वाटले. ज्या सभेत हे बायबल मिळाले तेथे लोक खुर्च्यांसमोर गुडघे टेकून प्रार्थना करीत होते. ते खुर्च्यांचीच पूजा करीत असावेत असा या दोघांचा समज झाला होता! संस्कृतात पारंगत असलेल्या वाचकापुढे संस्कृत बायबल मुके राहिले, ही गोष्ट भाषांतरविचाराच्या अभ्यासकाने विसरू नये.

१८८० साली श्रीनिवास वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. जात वेगळी, प्रांत वेगळा, भाषा वेगळी. आसामातील सिल्चर येथे घरच्या पुस्तकांत त्यांना लूककृत शुभवर्तमानाची एक छोटी बंगाली प्रत सापडली. ती तेथे कशी आली हे त्यांना माहीत नव्हते. ॲलन नावाचे बॅप्टिस्ट मिशनरी घरी येऊन उत्पत्तीच्या पुस्तकाचा आरंभ समजावून सांगत. पत्नीने ख्रिस्ती व्हावे ही कल्पना बिपिनबाबूंना रुचली नाही आणि विषय तेथेच राहिला. परंतु देवभाषेतील ग्रंथाने जे साधले नव्हते ते बोलभाषेतील एका चोपडीने आरंभिले होते. ४ फेब्रुवारी १८८२ रोजी पटकीने बिपिनबाबू गेले. पदरी दहा महिन्यांची मनोरमा होती.

पुण्यातील १८८२ चे वर्ष प्रसिद्धच आहे. आर्य महिला समाजाची स्थापना, ‘स्त्रीधर्मनीति’ हे मराठीतील पहिले पुस्तक, हंटर आयोगापुढील साक्ष हे सर्व त्याच वर्षातले. याच काळात त्या इंग्रजी शिकू लागल्या आणि त्यासोबत नवा करार वाचू लागल्या. नीळकंठशास्त्री, म्हणजे फादर नेहेम्या गोरे, यांच्याशी त्यांची शास्त्रचर्चा झाली. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या, त्या वैद्यकीय शिक्षणाच्या हेतूने.

वाँटेज येथील भगिनीसंघात त्या राहिल्या. या संघाचे लंडनमधील फुलहॅम येथे पतित मानल्या गेलेल्या स्त्रियांसाठी एक आश्रयगृह होते. ते पाहून रमाबाई चकित झाल्या. अशा स्त्रियांना समाजाने टाकून द्यावे, हेच आजवर त्यांनी ऐकले होते. या सेवेचे मूळ कोठे आहे असे विचारता, तेथील एका भगिनीने त्यांना योहानकृत शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचून दाखविला. त्या अध्यायात विहिरीकाठी शोमरोनी स्त्रीशी झालेला ख्रिस्ताचा संवाद आहे. ती स्त्री परजातीची, पाच नवरे झालेली. तिच्या हातचे पाणी ख्रिस्त मागतो, आणि उपासनेचे खरे स्थान कोणते या सर्वांत गहन प्रश्नाची चर्चा तो तिच्याशीच करतो. पाणवठ्यावरचा विटाळ आणि ज्ञानाचा अधिकार या दोन्ही गोष्टी जिने भोगल्या होत्या तिला हा प्रसंग परका कसा वाटावा? धर्मशास्त्रांत ज्या दोन बाबींवर एकमत दिसले होते त्या दोहोंना येथे एकाच प्रसंगात उत्तर मिळत होते. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे मनोरमेसह त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यापूर्वी काही दिवस त्यांच्या सहप्रवासिनी आनंदीबाई भगत यांनी आत्महत्या केली होती. या निर्णयाभोवतीचे वातावरण किती काळोखे होते हे त्यावरून ध्यानात यावे.

बाप्तिस्म्याने ग्रंथ बदलला, वाचण्याची रीत बदलली नाही. आंग्लिकन गुरुजनांशी त्यांचा पत्रव्यवहार १९७७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला आहे. तो वाचताना उडुपीच्या सभेतील अनंतशास्त्र्यांची आठवण होते. त्रैक्याचा सिद्धान्त आणि धर्मसभेचा अधिकार त्यांनी विनातक्रार स्वीकारला नाही. नव्या करारात स्वतःला जे सापडेल तेवढेच त्या मानीत. सिस्टर जेराल्डिन यांना हा अहंकार वाटे. एका क्रुसावर लॅटिन अक्षरे कोरलेली होती, त्यांनाही रमाबाईंनी हरकत घेतली. ती भाषा आपण वा आपल्या देशभगिनी जाणत नाही; ब्राह्मणांनी संस्कृतास पवित्र मानावे तसाच हा प्रकार तर नव्हे, असा त्यांच्या आक्षेपाचा आशय होता. एका पवित्र भाषेच्या भिंतीतून बाहेर पडून दुसरीच्या आवारात शिरण्याची त्यांची तयारी नव्हती. पुढे मुक्तिसदनात जे घडले त्याचे बीज मला या पत्रात दिसते.

अमेरिकेतील वास्तव्य, आनंदीबाई जोशी यांचा १८८६ चा पदवीदान समारंभ, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील १८८७ चा इंग्रजी ग्रंथ, आणि त्याच वर्षी बोस्टनमध्ये उभे राहिलेले साहाय्यक मंडळ यांचे विवेचन इतरत्र पुष्कळ झाले आहे. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. संस्था धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील हे अभिवचन होते. रमाबाई आपल्या खोलीत मुलीसह बायबल वाचीत व प्रार्थना करीत. दार उघडे असे आणि काही विद्यार्थिनी येऊन बसत. १८९१ च्या सुमारास रमाबाईंच्या धर्मजीवनात दुसरे वळण आले होते. आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता, असे त्यांनी पुढे त्याविषयी लिहिले. तेव्हापासून ते उघडे दार पूर्वीइतके तटस्थ राहिले नसणार. ‘केसरी’ने टीकेची झोड उठविली. १८९३ साली न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर प्रभृतींनी सल्लागार मंडळ सोडले आणि वीस-पंचवीस मुली काढून नेण्यात आल्या. या वादात रमाबाईंनी कोणावर बळजबरी केली असे दिसत नाही; परंतु पालकांची भीती निव्वळ कांगावा होती असेही म्हणवत नाही. जिला स्वतःच्या जीवनाचा अर्थ एका ग्रंथात सापडला आहे तिने तो ग्रंथ आश्रितांच्या सान्निध्यात उघडायचा की नाही, हा पेच खरा होता. रमाबाईंनी दार लावून घेतले नाही. त्याची किंमत म्हणून पुण्याचा सुधारक वर्ग त्यांना कायमचा दुरावला.

१८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या. वीस वर्षांपूर्वी आपण ज्या अवस्थेत हिंडलो त्याच अवस्थेतील मुली त्यांना तेथे भेटल्या. त्यांनी सुमारे तीनशे जणी आणल्या. केडगाव येथे आधीच घेतलेल्या जमिनीवर मुक्तिसदन उभे राहिले, आणि १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तेथील वस्ती दीड-दोन हजारांच्या घरात गेली. शारदा सदनातील मुली बहुतांशी उच्चवर्णीय होत्या. येथे सर्व जातींच्या, बहुतेक निरक्षर, निरनिराळ्या बोली बोलणाऱ्या मुली होत्या. शेती, विणकाम, छपाई अशी कामे त्या शिकल्या. सकाळ-संध्याकाळ त्यांच्यापुढे शास्त्र वाचले जाई, आणि रमाबाईंपुढे बालपणीचा तोच प्रसंग पुन्हा उभा राहिला. ग्रंथ वाचला जातो, श्रोते बसले आहेत, पण शब्द त्यांच्यापर्यंत पोहोचतो का?

मराठीत बायबल नव्हते असे नाही. विल्यम कॅरी यांनी श्रीरामपुराहून १८११ साली नवा करार काढला होता. नंतर अमेरिकन मिशनरी व बायबल सोसायटी यांची भाषांतरे झाली. रमाबाईंचा आक्षेप त्यांतील संस्कृतप्रचुर भाषेवर आणि हिंदू धर्मग्रंथांचे संस्कार वाहणाऱ्या संज्ञांवर होता. चाळिशी ओलांडल्यावर त्या इब्री आणि ग्रीक शिकल्या, व विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांनी भाषांतरास हात घातला. खेड्यातील अल्पशिक्षित बाईला कळेल अशी मराठी हे त्यांचे प्रमाण होते. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले आणि त्यांनी संतांचा शब्द व अभंगाचा छंद ख्रिस्तभक्तीकडे वळविला. रमाबाई नेमक्या उलट दिशेने गेल्या. जुन्या संस्कारांचा शब्द त्या गाळीत राहिल्या. वाङ्मयीन यश टिळकांच्या पदरात पडले हे मान्य केले पाहिजे. मूळ रचनेला घट्ट धरून चालल्यामुळे रमाबाईंचे वाक्य पुष्कळदा अवघडते, आणि शब्दाचे संस्कार खरडून काढताना त्याचा रसही काही प्रमाणात जातो. संपूर्ण बायबलाचे भाषांतर करणारी जगातील पहिली स्त्री असा त्यांचा गौरव क्वचित केला जातो, तोही बरोबर नाही. अमेरिकेतील ज्युलिया स्मिथ यांचे इंग्रजी भाषांतर १८७६ सालीच छापले गेले होते. पण आयुष्यातील सर्वोत्तम संस्कृत ज्ञान ज्या व्यक्तीपाशी होते तिने ते वापरायचे नाही असे ठरवून मराठी गद्य लिहिले, अशी दुसरी उदाहरणे आपल्याकडे फारशी नाहीत. मराठी गद्याच्या इतिहासकारांनी याची दखल घेतली नाही, हे आश्चर्यच म्हटले पाहिजे.

१९१९ साली सरकारने कैसर-इ-हिंद पदक दिले. जिच्यावर सर्व कार्य सोपवावयाचे ती मनोरमा २४ जुलै १९२१ रोजी चाळिसाव्या वर्षी वारली. रमाबाईंचे भाषांतर पुरे होत आले होते, मुद्रितांचे वाचन चालू होते. ते संपविण्यासाठी त्यांनी देवाकडे दहा दिवस मागून घेतले, अशी आठवण केडगावी सांगितली जाते. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. मुक्तिसदनाच्या छापखान्यात तेथल्याच मुली आणि बायका खिळे जुळवीत होत्या. संपूर्ण बायबल १९२४ साली छापून बाहेर पडले.