घराघरातली शुश्रूषा : डॉ. मेबल आरोळे

आपल्या धर्मग्रामातील अनेक घरांत दीर्घ आजाराचे रुग्ण आहेत. कुणाला अर्धांगवायू झाला आहे, कुणाची शुगर जुनी आहे, कुणी म्हातारपणामुळे अंथरुणाला खिळले आहे. इस्पितळातून घरी सोडल्यावर खरी शुश्रूषा सुरू होते आणि ती बहुधा घरातल्या एकट्या बाईवर पडते. अशा घरांसाठी आपल्याच जिल्ह्यात आयुष्य वेचलेल्या डॉ. मेबल आरोळे यांची ओळख आम्ही या रविवारी करून देत आहोत.

मेबल यांचा जन्म १९३५ साली एका ख्रिस्ती कुटुंबात झाला. वेलोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकताना त्यांची ओळख अहमदनगर जिल्ह्यातील रजनीकांत आरोळे यांच्याशी झाली. १९६० साली दोघे विवाहबद्ध झाले. खेड्यातील गोरगरिबांची सेवा करायची, हे त्यांनी तेव्हाच ठरवले होते. पुढे नेवासे तालुक्यातील वडाळा मिशनच्या इस्पितळात काम करताना एक गोष्ट त्यांना खटकली. बरा होऊन गेलेला माणूस काही महिन्यांनी तोच आजार घेऊन परत येई. रोगाचे मूळ घरात आणि गावात होते, डॉक्टर मात्र इस्पितळात बसून होते.

म्हणून दोघांनी अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतले आणि १९७० साली जामखेडसारख्या दुष्काळी भागात काम सुरू केले. प्रथम त्यांनी शिकलेल्या नर्स खेड्यांत पाठवून पाहिल्या, पण त्या तेथे रुळल्या नाहीत. तेव्हा प्रत्येक गावाने आपल्यातलीच एक बाई निवडावी असे ठरले. त्यांतल्या अनेकींना अक्षरओळखही नव्हती, कित्येक दलित समाजातील होत्या. त्या जामखेडला येत, वेगवेगळ्या जातींच्या असूनही एकत्र जेवत, एकत्र राहत आणि शिकून गावी परतत. त्यांना घडवण्यात डॉ. मेबल यांचा मोठा वाटा होता.

या बायकांचे काम बाळंतपणापुरते नव्हते. त्या काळी कुष्ठरोग्याला घराबाहेर काढत. जामखेडला त्याच्यासाठी वेगळी वसाहत न करता इतर रुग्णांबरोबरच उपचार मिळू लागले, आणि तो आपल्याच घरी राहावा असा प्रयत्न झाला. बधिर पायाला काटा टोचला तरी कळत नाही, जखम चिघळते आणि शेवटी पाय जातो. म्हणून पाय रोज तपासणे, पाण्यात भिजवून तेल लावणे आणि मऊ तळाची चप्पल घालणे हे महत्त्वाचे. क्षयरोग्याला थोडे बरे वाटले की तो गोळ्या सोडतो आणि रोग उलटतो. अशा वेळी शेजारची सेविका रोज विचारपूस करी, त्यामुळे औषधात खंड पडत नसे. ज्यांनी पाय गमावले त्यांच्यासाठी प्रकल्पात जयपूर फूट तयार होऊ लागले.

१९७१ साली या गावांत जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी १७६ बालके वर्षाच्या आत दगावत होती. १९९३ पर्यंत हे प्रमाण १९ वर आले. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. डॉ. मेबल १९९९ साली निवर्तल्या, डॉ. रजनीकांत २०११ साली. त्यांचे काम त्यांच्या मुलांनी पुढे चालवले. २००५ नंतर देशभर नेमलेल्या आशाताईंच्या कामातही हाच विचार दिसतो.

डॉ. मेबल यांच्या कामातून आपण काय घ्यावे? जुन्या शुगरमध्येही पाय बधिर होतात. तेव्हा घरातील अशा रुग्णाचे तळपाय रोज रात्री उजेडात पाहावेत, बोटांच्या बेचक्याही पाहाव्यात. जखम किंवा लाली दिसताच डॉक्टरांना दाखवावे. अंथरुणाला खिळलेल्याची कूस दर दोन तासांनी बदलावी, म्हणजे पाठीला जखमा होण्याचा धोका कमी होतो. हे काम अवघड नाही, पण ते रोज करावे लागते आणि एकटा माणूस थकतो.

म्हणून आम्ही सुचवतो की आजाऱ्याला भेटायला जाताना केवळ फळे नेऊन परत येऊ नये. त्याची सेवा करणाऱ्या बाईला तासभर झोपू द्यावे आणि तेवढा वेळ आपण उशाशी बसावे. जामखेडच्या निरक्षर बायका जे करू शकल्या, ते आपल्यालाही नक्कीच जमेल.