विश्लेषण : विचार हुकुमात उतरतो तेव्हा... शाहू महाराजांनी कोल्हापूरचे रोजचे जगणे कसे बदलले?

२६ जून हा राजर्षी शाहू महाराजांचा जन्मदिवस महाराष्ट्रात सामाजिक न्याय दिन म्हणून साजरा होतो. पण समतेचा विचार मांडणारे ते पहिले नव्हते. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाजाची स्थापना केली, तेव्हा शाहूंचा जन्मही झाला नव्हता. शाहूंचे वेगळेपण हे की त्यांच्या हाती सत्ता होती. तिच्या बळावर त्यांनी हा विचार नोकरभरतीत, शाळेच्या पटावर आणि गावच्या दप्तरात आणला. हे त्यांनी कसे साधले, याविषयी...

कागलचे यशवंतराव कोल्हापूरच्या गादीवर कसे आले?

शाहूंचा जन्म २६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला. मूळ नाव यशवंतराव. कोल्हापूरच्या चौथ्या शिवाजी महाराजांच्या पत्नी आनंदीबाई यांनी १७ मार्च १८८४ रोजी त्यांना दत्तक घेतले आणि नाव शाहू ठेवले. राजकोट आणि धारवाड येथे शिक्षण झाल्यावर २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी राज्यकारभार हाती घेतला. तेव्हा ते अवघे १९ वर्षांचे होते.

हाती आलेला कारभार एकाच वर्गाकडे एकवटलेला होता. सर्वसाधारण प्रशासनातील ७१ पदांपैकी ६० पदांवर ब्राह्मण अधिकारी होते. कारकुनांच्या सुमारे ५०० जागांमध्ये ब्राह्मणेतर जेमतेम दहा. कोणालाही नोकरीस कायद्याने मनाई नव्हती. मात्र शिक्षण ज्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होते, नोकऱ्याही त्यांच्याचकडे जात होत्या.

वेदोक्त प्रकरण काय होते?

१८९९ मध्ये कार्तिक महिन्यात महाराज पंचगंगेवर स्नानास जात. त्या वेळी पुरोहित वैदिक मंत्रांऐवजी पुराणोक्त मंत्र म्हणत असल्याचे राजारामशास्त्री भागवत यांनी लक्षात आणून दिले. पुराणोक्त विधी शूद्रांसाठी मानले जात. म्हणजे संस्थानचा राजाही पुरोहिताच्या लेखी शूद्रच होता. राजोपाध्यांनी वेदोक्त विधी करण्यास नकार दिल्यावर १९०२ मध्ये त्यांचे इनाम जप्त झाले. वाद ब्रिटिश सरकारपर्यंत गेला. लोकमान्य टिळक आणि पुण्यातील वृत्तपत्रांचा मोठा वर्ग महाराजांच्या विरोधात उभा राहिला.

प्रकरणाची सुरुवात एका राजाच्या मानापमानातून झाली, हे खरे. पण राजाला ही वागणूक मिळत असेल तर गावकुसाबाहेरच्या माणसाचे काय होत असेल, हा प्रश्न त्यातून पुढे आला आणि महाराजांच्या धोरणाला धार चढली.

१९०२ च्या आदेशात नेमके काय होते?

सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी महाराज इंग्लंडला गेले असताना २६ जुलै १९०२ रोजी करवीर सरकारच्या गॅझेटमध्ये आदेश प्रसिद्ध झाला. यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवाव्यात, असे त्यात म्हटले होते. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग वगळता सर्वांचा मागासलेल्या वर्गांत समावेश होता.

टक्केवारीइतकीच महत्त्वाची होती अंमलबजावणीची तरतूद. ज्या कार्यालयात हे प्रमाण ५० टक्क्यांहून कमी असेल, तेथील पुढची नेमणूक या वर्गांतूनच करायची होती. प्रत्येक खातेप्रमुखाला केलेल्या नेमणुकांचा तिमाही तक्ता सरकारला सादर करावा लागणार होता. लायक उमेदवार मिळाला नाही, एवढे तोंडी सांगून आता भागणार नव्हते. १९१२ पर्यंत पदांची संख्या ९५ झाली होती आणि त्यांतील ब्राह्मण अधिकारी ३५ होते.

वसतिगृहे जातवार का काढली?

नोकरी राखून ठेवली तरी शिकलेला उमेदवार हवा. खेड्यातील मुलाला कोल्हापुरात राहायला जागा नव्हती आणि जेवणाची सोयही नव्हती. महाराजांनी १८९६ मध्ये सर्व जातींसाठी वसतिगृह काढून पाहिले. पण तेथे बहुतेक विद्यार्थी ब्राह्मणच राहिले. त्यानंतर त्यांनी वेगळी वाट धरली. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले. त्याच वर्षी जैन, १९०६ मध्ये मुस्लीम, १९०७ मध्ये लिंगायत आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजासाठी मिस क्लार्क बोर्डिंग अशी रांगच लागली.

जात मोडायची तर जातवार वसतिगृहे कशाला, हा आक्षेप तेव्हापासून घेतला जातो. तो निराधार नाही. मात्र त्या काळात एका पंगतीच्या आग्रहामुळे मुले शिक्षणालाच मुकली असती. महाराजांनी मुलांना शाळेत आणण्याला अग्रक्रम दिला.

गावातील व्यवहार कसे बदलले?

१९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे झाले. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवण्यात आला. १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्या शाळेत घेण्याचा हुकूम निघाला.

१९१८ मध्ये महार वतन रद्द झाले. जमिनीच्या तुकड्याच्या बदल्यात साऱ्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या गावाची आणि सरकारची राबणूक करायची, हे बंधन सुटले. जमीन त्यांच्या नावे रयतावा झाली. कुलकर्णी वतनही गेले आणि गावचे दप्तर पगारी तलाठ्याकडे आले. विधवा पुनर्विवाहाला १९१७ मध्ये आणि आंतरजातीय विवाहाला १९१९ मध्ये कायद्याचे पाठबळ मिळाले.

बदल राजवाड्यातही पोहोचला. १९१८ मध्ये धाकटे पुत्र शिवाजी यांचा शिकारीतील अपघातात मृत्यू झाला. त्यांच्या तरुण विधवा पत्नी इंदुमतीदेवी यांना रूढीप्रमाणे कोपऱ्यात न बसवता महाराजांनी त्यांच्या शिक्षणाची व्यवस्था केली.

गंगाराम कांबळे यांच्या चहाच्या दुकानाचे महत्त्व काय?

संस्थानच्या पागेत नोकरीला असलेल्या गंगाराम कांबळे यांना पाण्याच्या हौदाला शिवल्याबद्दल मारहाण झाली होती. पुढे महाराजांच्या पाठिंब्याने त्यांनी कोल्हापुरात चहाचे दुकान थाटले. महाराज तेथे गाडी थांबवून चहा घेत. सोबतच्या सरदार-अधिकाऱ्यांनाही तो घ्यावा लागे. कोणी कोणाच्या हातचे प्यावे, हे कायद्याने ठरवता येत नव्हते. राजाने भर रस्त्यात चहा पिऊन ते दाखवून दिले.

मर्यादा कोणत्या होत्या?

हे बदल राजाज्ञेने आले होते. राजा बदलला तर ते टिकतील, याची हमी नव्हती. मध्यस्थ पुरोहित नाकारणाऱ्या सत्यशोधक विचाराला पाठबळ देणाऱ्या महाराजांनी १९२० मध्ये मराठ्यांसाठी क्षात्रजगद्गुरूचे पीठ निर्माण केले, हा विरोधाभासही होताच.

परंतु वंचितांचे नेतृत्व वंचितांतूनच यायला हवे, हे त्यांनी ओळखले होते. मार्च १९२० मधील माणगाव परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर अध्यक्ष होते. तेथे महाराजांनी जाहीरपणे त्यांच्या नेतृत्वाचा पुरस्कार केला. मूकनायक पत्रालाही त्यांनी आर्थिक मदत केली होती.

६ मे १९२२ रोजी मुंबईत महाराजांचे निधन झाले. तेव्हा ते ४७ वर्षांचे होते. १९५० मध्ये अमलात आलेल्या राज्यघटनेने मागासवर्गीयांसाठी नोकऱ्यांत जागा राखण्याची मुभा दिली आणि जे एका राजाच्या इच्छेवर अवलंबून होते, त्याला घटनेचा आधार मिळाला. त्याआधीच कोल्हापुरात महाराजांचे पहिले स्मारक उभे राहिले होते. ते उभारण्यात पुढाकार होता चहावाल्या गंगाराम कांबळे यांचा.