बेलपानाचा रुपया

नेहरू नगरातल्या आमच्या घरी लक्ष्मीपूजनाच्या ताटात दरवर्षी एक जुना चांदीचा रुपया मांडतात. त्यावर फारसी अक्षरे, म्हणून लहानपणी आम्ही त्याला बादशाही नाणे समजत होतो. पुढे एका जाणकाराने अक्षरांत लपलेले शिवलिंग आणि बेलपान दाखवले. हा महेश्वरच्या टांकसाळीतला, अहिल्याबाई होळकरांच्या धाटणीचा रुपया.

रोमच्या सम्राटांनी आपल्या राण्यांचे चेहरे नाण्यांवर उमटवले. तांब्या-काशाच्या नाण्यावर एका बाजूला राणी फाउस्टिना, तर दुसऱ्या बाजूला जूनो किंवा व्हीनस देवी. अहिल्याबाईंनी जवळपास २८ वर्षे राज्य केले, पण चेहरा सोडाच, नावही घातले नाही. नाव दिल्लीच्या शाह आलमचे, खूण शंकराची. बादशहाच्या नावाची तेव्हा रीतच होती हे खरे; पण राज्य शंकराचे आणि आपण कारभारी, ही त्यांची भावना आम्हांला त्या बेलपानात दिसते.

जन्म १७२५ चा, चौंडीच्या माणकोजी शिंद्यांच्या घरी. पती खंडेराव १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पडले. सती जायला निघालेल्या सुनेला मल्हाररावांनी थांबवले आणि कारभारात घातले. १७६६ मध्ये ते गेले, पुढच्याच वर्षी मुलगा मालेरावही. तेव्हा कारभारी गंगाधरपंतांनी राघोबादादांना बोलावले. बाई लढायला उभ्या राहिल्या आणि दादांना सांत्वनाला आल्याचे सांगावे लागले. मग फौज तुकोजींकडे सोपवून बाईंनी महेश्वर ही राजधानी केली.

काशी, सोमनाथ, घाट, अन्नछत्रे सर्वांना ठाऊक आहेत. हा दानधर्म त्या दौलतीच्या तिजोरीतून नव्हे, आपल्या खासगीतून करीत. सरकारी नोकरीत लेखाशीर्षांचा जाच रोज सोसणाऱ्या आम्हांला याचे विशेष कौतुक!

१७९१ मध्ये जावई यशवंतराव फणसे वारले. मुक्ताबाई सती जायला निघाल्या. आईने परोपरीने विनवले, लेकीने ऐकले नाही. सासऱ्यांच्या शब्दाने स्वतः वाचलेल्या बाईंचा शब्द पोटच्या मुलीपुढे चालला नाही. १३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वरीच त्यांनी देह ठेवला.

३१ मे २०२५ रोजी, त्रिशताब्दीला, आपल्या भोपाळातच जांबोरी मैदानावर त्यांचा चेहरा असलेले ३०० रुपयांचे नाणे निघाले. आमच्या ताटात मात्र यंदाही बेलपानाचाच रुपया असेल.