संत जनाबाई आणि जिवाचा घोर

शहरात ज्यास ताणतणाव म्हणतात, त्यास आमच्या झरीकडील मंडळी जिवाला लागलेला घोर म्हणतात. पाऊस लांबला, सोयाबीनला भाव नाही, बँकेचा हप्ता आला, लेकीचे लग्न तोंडावर. मग रात्र रात्र डोळ्याला डोळा लागत नाही. अशा वेळी संतचरित्र काय कामाचे, असे कोणी विचारील. म्हणून आम्ही आज आपल्याच परभणी जिल्ह्यातील संत जनाबाईंचे चरित्र सांगतो.

गोदातीरी गंगाखेड येथे दमा व करुंड या विठ्ठलभक्त दांपत्याच्या पोटी त्यांचा जन्म झाला. आईचे छत्र लहानपणीच हरपले. वडिलांनी त्यांस पंढरपुरी दामाशेटींच्या घरी आणून ठेविले. दामाशेटी म्हणजे नामदेवरायांचे वडील. त्या घरात जनाबाई धरून पंधरा माणसे! दळण, कांडण, झाडलोट, पाणी, शेणगोठा, सारे यांच्याकडे. स्वतःचे घर नाही, मायबाप जवळ नाहीत, नाव काय तर दासी. हा घोर काय लहान होता?

जनाबाईंनी काम टाकले नाही, पण ओझे एकटीने वाहिलेही नाही. जात्याच्या दुसऱ्या अंगाला त्यांनी पांडुरंगास बसविले. थकवा आला तर त्यास सांगितला, राग आला तर त्याच्याशी भांडल्या, प्रसंगी त्यास खडसावलेसुद्धा! त्यांच्या नावावर सुमारे साडेतीनशे अभंग आहेत. त्यांत हे सारे आले आहे. शिवाय दासी असूनही त्या संतमेळ्यात बसत. शके १२७२ म्हणजे इ. स. १३५० मध्ये नामदेवरायांबरोबरच त्यांनी पंढरीस देह ठेविला, असे परंपरा सांगते.

मनातले बोलून टाकावे, गाताना श्वास संथ चालावा, चार माणसांत बसावे. याने जिवाची धडधड उतरते, हे आजचे डॉक्टरही मानतात. गिरणी आली, बायांचे कष्ट वाचले, हे उत्तमच झाले. पण जात्यावरची ओवी गेली आणि समोर बसणारी जाऊ-नणंदही उठून गेली. पुरुषांपाशी तर तेही नव्हते. ते पारावर बसतात, पण घोराची गोष्ट ओठांवर येऊ देत नाहीत. कर्जापायी मराठवाड्यातील किती घरांचे कर्ते पुरुष गेले, हे आम्ही वेगळे सांगावयास नको.

तेव्हा मायबापहो, घरधनी गप्प गप्प राहू लागला, जेवण तुटले, झोप उडाली, तर त्याच्याजवळ बसा, त्यास बोलते करा. पंधरा दिवसांत उतार नसेल तर सरकारी दवाखान्यात न्या. आणि जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा तोंडी आली तर त्यास एकटे सोडू नका, त्याच दिवशी न्या. टेलिमानसचा १४४१६ हा फुकट क्रमांकही आहे. औषध घेतल्याने भक्ती उणी होत नाही.

पंढरीजवळ गोपाळपुरास जनाबाईंचे जाते दाखवितात. दर्शनास जाल तेव्हा आपल्या घरात कोण एकटेच दळीत आहे, याचाही विचार करा.

रामकृष्णहरि.