शाहू महाराजांचा खंड्या

साताऱ्याच्या पूर्वेला पाचएक किलोमीटरवर कृष्णा आणि वेण्णा यांचा संगम आहे. संगम माहुलीची दगडी देवळे पाहून झाली की तिथली माणसे पाहुण्याला आणखी दोन ठिकाणे आवर्जून सांगतात. एक थोरल्या शाहू महाराजांची समाधी, आणि दुसरी त्यांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याची. शिकारीत वाघ अंगावर आला असता या कुत्र्याने महाराजांचा जीव वाचवला, ही कथा साताऱ्याकडच्या घराघरांत मुलांना सांगितली जाते. मुलांना वाघ आवडतो. मोठ्यांनी मात्र कथेच्या उत्तरार्धाकडे लक्ष द्यावे, असे मला वाटते. जीव वाचवणाऱ्या त्या मुक्या प्राण्याला महाराजांनी जहागीर दिली आणि पालखीचा मान दिला.

हे शाहू म्हणजे कोल्हापूरचे राजर्षी नव्हेत. ते संभाजी महाराजांचे पुत्र, शिवछत्रपतींचे नातू. त्यांचा जन्म 1682 चा, माणगावजवळच्या गांगवलीचा. 1689 मध्ये रायगड पडला आणि सात वर्षांचा हा मुलगा मातोश्री येसूबाईंसह मोगलांच्या कैदेत गेला. पुढची सतरा-अठरा वर्षे औरंगजेबाच्या फिरत्या छावणीत गेली. बादशहाच्या मृत्यूनंतर 1707 मध्ये आझमशहाने त्यांची सुटका केली, पण येसूबाईंना ओलीस ठेवून घेतले. त्या स्वदेशी परतल्या 1719 मध्ये.

सुटून आलेल्या या राजपुत्रापुढे पहिला प्रश्न उभा राहिला तो रक्ताचा. हा खरा शाहू नव्हे, कोणी तोतया आहे, असे ताराबाईंच्या पक्षाने उठवले. खेडच्या लढाईत धनाजी जाधव त्यांच्याकडे आले, तेव्हा पारडे फिरले आणि 12 जानेवारी 1708 रोजी साताऱ्यास राज्याभिषेक झाला. ज्याला स्वतःचे कूळ सिद्ध करण्यासाठी तलवार उपसावी लागली, त्याने वंशशुद्धीचे फार स्तोम माजवले असते तर नवल नव्हते. घडले उलटेच. साताऱ्याकडे येताना वाटेत पारद गावाशी चकमक झाली आणि तिथला पाटील मारला गेला. त्याच्या विधवेने आपले तान्हे मूल महाराजांच्या पालखीत आणून घातले. महाराजांनी ते पोटच्या पोरासारखे वाढवले. तेच फत्तेसिंह भोसले, अक्कलकोटच्या घराण्याचे मूळ पुरुष. त्या मुलाचा बाप आपल्याच लढाईत पडला, तेव्हा त्याला वाढवणे हे आपले काम, इतका हा साधा हिशेब होता.

महाराज स्वभावाने सौम्य. पेशवे आणि सरदार यांच्यावर कारभार सोपवून ते साताऱ्यात रमले. 1739 मध्ये मिरजेचा किल्ला मोगलांकडून घेतला, त्या मोहिमेवर मात्र ते जातीने निघाले होते. एरवी बागा, घोडे, पक्षी, शिकार आणि कुत्री हे त्यांचे शौक. रियासतकार सरदेसायांनी या आवडींचा उल्लेख केला आहे. ग्रँट डफने 1826 च्या आपल्या इतिहासात आणखी एक प्रसंग दिला आहे. दोन सरदार भेटीस यायचे होते, तेव्हा महाराजांनी कुत्र्याला जरीवस्त्रे आणि जडजवाहीर घालून, स्वतःची पगडी त्याच्या डोक्यावर ठेवून दरबार भरवला. डफला यात बुद्धिभ्रंश दिसला आणि जहागिरीची सनद हीही त्याला त्यातलीच एक लहर वाटली.

पगडीचे सोडा, जहागिरीला मी वेडात जमा करणार नाही. हयातभर बँकेत काढल्यामुळे असेल, पण सनद म्हटली की मला तिच्यातली जबाबदारी आधी दिसते. पालखी हा मान झाला. जहागीर ही पोटगीची तजवीज. ज्याने माझ्यासाठी जीव धोक्यात घातला, तो म्हातारा झाला, आंधळा झाला, तरी त्याची भाकरी चुकता कामा नये, असा तिचा अर्थ. आणि डफच्या हकिकतीत खंड्याच्या जातीचा, त्याच्या आईबापांचा उल्लेख नाही. महाराजांनी कुत्र्याचे कूळ पाहिले नाही, करणी पाहिली.

आज नेमके उलटे चालले आहे. ज्या मिरजेवर महाराज चालून गेले, तिच्या पूर्वेचा जत-आटपाडीचा कोरडा माळ हा कारवानी कुत्र्यांचा मुलूख. लांब पाय, आवळलेले पोट, चिंचोळे तोंड आणि वाऱ्यासारखा वेग. त्याच्या पलीकडे मुधोळ. तिथले राजे मालोजीराव घोरपडे यांनी बेरड शिकाऱ्यांकडची अशी कुत्री निवडून गेल्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांची पैदास नीट लावली, इंग्लंडच्या पंचम जॉर्जला ती भेट दिली आणि मुधोळचे नाव जगात गेले. 2005 मध्ये टपाल खात्याने मुधोळ हाउंडचे तिकीट काढले. निवडून पैदास करणे वाईट नाही, हे यावरून दिसतेच. जातिवंत जनावर हा शेकडो वर्षांच्या पारखीचा ठेवा असतो.

पण नाव झाले की किंमत येते आणि किमतीपाठोपाठ घाई येते. मादीला विसावा न देता वेतामागून वेत घेतले जाते. रंग आणि ठेवण टिकावी म्हणून भावाबहिणींचे मीलन लावले जाते आणि रक्तातले दोष पिढीगणिक घट्ट होत जातात. परदेशी जातींत तर रूपच दुखणे झाले आहे. चपट्या नाकाच्या पगला धड श्वास घेता येत नाही. लॅब्रॅडोर आणि जर्मन शेफर्ड यांच्या खुब्यांत आनुवंशिक दोष आढळतो. आपण त्यांना घरी आणतो ते बहुधा जाहिरातीत पाहून. पुढे मादी थकली, पिल्लू हौसेपेक्षा मोठे झाले, की त्यांना गावाबाहेर सोडणारी गाडीही त्याच घरातून निघते.

कायदा आहे. 2017 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे कुत्र्यांची पैदास करणाऱ्याने नोंदणी केली पाहिजे. मादी दीड वर्षाची होईपर्यंत आणि आठ वर्षांची झाल्यावर तिची वेत घ्यायची नाहीत. वर्षात एक आणि आयुष्यात पाच, याहून अधिक वेत नाहीत. पिल्लू आठ आठवड्यांचे झाल्याखेरीज विकायचे नाही. प्राण्याला विनाकारण वाऱ्यावर सोडणे हा तर 1960 च्या कायद्यानेच गुन्हा आहे. दंड मात्र पहिल्या वेळी दहा ते पन्नास रुपये! पिल्लासाठी हजारो रुपये मोजणाऱ्याला त्याची काय धास्ती वाटणार? तेव्हा खरा पहारा विकत घेणाऱ्यानेच ठेवायला हवा. पिल्लाची आई पाहायला मागावी. तिचे वय आणि वेते विचारावीत, पशुवैद्याचा दाखला मागावा. विकणारा आई दाखवायला टाळाटाळ करू लागला, की पैसे खिशात ठेवून उठावे.

थोरले शाहू 15 डिसेंबर 1749 रोजी साताऱ्यात वारले. पोटी पुत्र नव्हता. ताराबाईंचा नातू म्हणून पुढे आलेले रामराजे गादीवर बसले आणि पुढे ताराबाईंनीच तो आपला नातू नव्हे असे जाहीर केले. रक्ताचा जो वाद महाराजांच्या राज्यारोहणाच्या वेळी होता, तोच त्यांच्या मागेही उरला. माहुलीच्या खंड्याला या वादाशी काही कर्तव्य नव्हते. सुटीत मुलांना तिथे न्याल तेव्हा वाघाची गोष्ट अवश्य सांगा, आणि मग जहागिरीचीही सांगा. घरी कुत्रा हवा म्हणून ती हट्ट धरतील, तेव्हा त्याच्या म्हातारपणाची भाकरी कोण घालणार, हे परतीच्या वाटेवरच ठरवून टाका.